आबांनी न प्यायलेली दारू

सिनेमातली गाडी फलाटावरून सुटली की आबा खुर्चीत ताठ बसत आणि माय डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून घेई. पुढे काय होणार हे तिला ठाऊक असे. पडद्यावर आधी इंजिनाची चाकं दिसत, मग काळा चष्मा घातलेला कुणीतरी डब्याखाली वाकून काहीतरी कापी, मग ड्रायव्हर एक दांडा दोनदा ओढून बघे आणि घाम पुसत सांगे की ब्रेक फेल झालाय. धुळ्याच्या त्या थिएटरात पंख्यांच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नसे. नेमका तेव्हा आबांचा आवाज, रुळांपलीकडे हाक मारायची सवय असलेला, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत पोचे. "नळी कापली तर ब्रेक लागतो. फेल होत नाही. गाडी जागच्या जागी उभी राहते." पुढून कुणीतरी म्हणे, "ओ भाऊ, बसा ना गुपचूप." आबा बसलेलेच असत. "आणि गार्ड कुठे गेला? त्याच्या डब्यात त्याचा वेगळा ब्रेक असतो," ते मायला सांगत. माय पदराआडून म्हणे, "त्याला त्यांनी मारलं असेल." "मग त्याची बॉडी दाखवायला पाहिजे," असं आबांचं म्हणणं. माणूस मेला तरी हजेरी लागली पाहिजे, असा त्यांचा स्वभाव.

आबा, म्हणजे माझे वडील, चाळीसगाव-धुळे लाइनवरच्या एका लहान स्टेशनात पॉइंट्समन होते. स्टेशनचं नाव मी लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि तापट आहेत. जिथे एका रुळाचे दोन होतात त्याला सांधा म्हणतात. गाडी यायच्या आधी तो बरोबर बाजूला फिरवायचा, त्याला कुलूप घालायचं, चावी स्टेशन मास्तरांना नेऊन द्यायची आणि मग सिग्नल पडायचा, एवढं आबांचं काम. ऐकायला दोन मिनिटांचं वाटतं. आबा ते अशा गांभीर्याने करत की विहारात वंदनेला उभे असतानाही त्यांचा चेहरा त्याहून थोडा सैलच दिसे. इस्त्रीचा निळा गणवेश, पुसलेला चष्मा, काखेत गुंडाळलेल्या दोन झेंड्या. आणि गाडी कोणती, तर आमची पॅसेंजर. तिच्यातून पुढच्या डब्याचा माणूस उतरून बाभळीआड जाऊन येई आणि शेवटच्या डब्यात चढे. उसाच्या हंगामात लोक उतरून ऊस मोडून घेत. या गाडीसाठी आबा झेंडी दाखवण्याआधी मनगट दोनदा झटकत, शेवटचा डबा गेला की तो मोजल्याप्रमाणे ओठ हलवत आणि मग सांध्याच्या दांड्यावर हात ठेवून क्षणभर उभे राहून म्हणत, "गेली बुवा सुखरूप." दिवसातून जितक्या गाड्या तितक्या वेळा. मी लहानपणी समजत होते की हा रेल्वेचा नियमच आहे.

आमचं क्वार्टर फलाटाच्या टोकाला होतं. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत बाज. स्टेशनात घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला असे, त्यावर लोखंडी गजाचा ठोका पडला की मायची भाकरी तव्यावर उलटली जाई. घड्याळ पाहायची तिला गरज नव्हती. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, लसणाचा ठेचा, हिवाळ्यात भरीत. भरताची वांगी असोद्याहून मामा पाठवत, पोत्यात भरून, गार्डच्या डब्यातून, आणि काट्यांवर भाजलेल्या त्या वांग्यांचा वास फलाटभर झाला की मास्तर आपण होऊन रजिस्टर घेऊन आमच्या दाराशी सही मागायला येत. सही ऑफिसातही झाली असती. आतल्या खोलीत बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली फळीवर पुस्तकं: आबांच्या रेल्वेच्या नियमांचं जाडजूड पुस्तक, माझी शाळेची, आणि वाचनालयातून आणलेली दोन-तीन. एवढ्या घरात सिनेमा कुठून शिरला, तर मायमुळे. तिला पडद्यावर रडायला आवडे. आबा येत ते फक्त गाड्यांच्या सिनेमांना, डॉक्टर जसा पोस्टमॉर्टेमला जातो तसे.

आणि मी त्या सिनेमांसाठी वेडी होते, हे आज सत्तरीला टेकताना सांगायला हरकत नाही. पेटलेल्या गाड्या, पुलावर लटकलेले डबे, फलाटावर बाकाखाली टिकटिकणारी बॅग, सगळं मला हवं असे. त्या डब्यांतली माणसंही ठरलेली. एक नवी नवरी, एक तापाने फणफणलेलं मूल, एक सुधारायला निघालेला चोर, एकमेकांना पाणी देणारे दोन धर्मांचे दोन म्हातारे. सगळ्यांची आधी ओळख करून देत, म्हणजे ते मरताना आपल्याला घरचं कुणी गेल्यासारखं वाटावं. पॉइंट्समनची ओळख मात्र कुणी करून देत नसे. तो पहिल्या दहा मिनिटांत डोक्यात फटका खाऊन पडे, नाहीतर लाच घेऊन हसे. चाळीसगावच्या शाळेत मधल्या सुट्टीत मी हे सिनेमे सांगत असे आणि सांगताना त्यात भर घालत असे. मुली डबे उघडायच्या विसरत. खोटं बोलण्याची ही माझी पहिली शिकवणी होती, आणि विद्यार्थिनी म्हणून मी हुशार होते. हल्ली माझी नात मोबाइलवर असल्या फिल्म्स बघते. त्यात गाडी उडी मारून नदी ओलांडते. मी एकदा म्हटलं की अगं, नळी कापली तर ब्रेक लागतो. ती म्हणाली, "आजी, सायन्स नको ना."

तर अशा आमच्या स्टेशनात एक दिवस सिनेमाची कंपनी आली. मुंबईहून, रीतसर परवानगी घेऊन. त्यांना बेफाम सुटलेली गाडी काढायची होती, आणि त्यासाठी त्यांनी साऱ्या देशातून आमची पॅसेंजर निवडली होती. मास्तरांनी कारण विचारलं तेव्हा त्यांचा व्यवस्थापक म्हणाला, "इथे गाड्या कमी. दिवसभर लाइन मोकळी मिळते." गाडी हळू चालते याची त्यांना फिकीर नव्हती. कॅमेरा सावकाश फिरवला की पडद्यावर गाडी पळते म्हणे. पहिल्याच दिवशी हीरो टपावरून धावत असताना गाडीशेजारून शेळ्यांचा कळप पुढे निघून गेला आणि त्यांना ते चित्र फेकून द्यावं लागलं. अपघातासाठी त्यांनी शेतात एक मोडका डबा आडवा केला. आसपासच्या गावांतून मेलेली माणसं जमवली. मेलेल्यांना दुपारी जेवायची सुट्टी असे, पुरी-भाजी मिळे, आणि संध्याकाळी तक्रारी येत की मुंग्या चावतात. स्टेशनवर चहाचा ठेला चालवणारे नाना तीन दिवस मेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी डायरेक्टरला सांगितलं की उद्यापासून मला जखमी करा, मेल्यावर मान अवघडते.

पॉइंट्समनचं घर म्हणून त्यांना आमचंच घर आवडलं. आवडलं म्हणजे जागा आवडली. आत पाऊल टाकल्यावर डायरेक्टरने भिंतीवरून बोट फिरवलं, बोट स्वच्छ निघालं, तसा त्याचा चेहरा पडला. "हे गरिबाचं घर वाटत नाही," असं तो हिंदीत म्हणाला. मग त्यांच्या माणसांनी भिंतींना काजळी फासली. मायची घासलेली स्टीलची भांडी पेटीत गेली आणि पोचे आलेली अ‍ॅल्युमिनियमची आली. पुस्तकं उतरवली, तसबीर उतरवली, तिच्या जागी एका फटाक्यांच्या दुकानाचं कॅलेंडर लागलं. आबांचा गणवेश पाहायला मागितला आणि परत केला. फार चांगला होता. माय दाराशी उभी राहून हे सगळं बघत होती. संध्याकाळी ती आबांना म्हणाली, "आपण इतकी वर्षं घासलं ते यांना आठ दिवस काळं करायला." आबा म्हणाले, "पुन्हा घासू." त्यांना राग आला नाही, कारण कंपनीने त्यांना एक काम दिलं होतं, आणि कामापुढे आबांना बाकी काही दिसत नसे.

पॉइंट्समनची भूमिका करणाऱ्या नटाला शिकवायचं, हे ते काम. नटाचं नाव मी लिहीत नाही. त्याच्या नातवंडांनी माझं काही बिघडवलेलं नाही. मूळचा तो नाटकातला, मराठी माणूस, हिंदी सिनेमात बापाच्या भूमिका करणारा. सगळे त्याला मामाजी म्हणत. त्याने आयुष्यात इतक्या वेळा हीरोच्या मांडीवर प्राण सोडला होता की बसतानाही तो जरा तिरकाच बसे. पण माणूस गोड. आबांना तो 'गुरुजी' म्हणे आणि खरोखर शिकायचा. आबांनी त्याला झेंडी धरायला शिकवली, हातबत्तीचा रंग फिरवायला शिकवलं, सांधा ओढताना पाठ नाही तर पाय वापरायचे असतात ते शिकवलं. आठवड्यात तो मनगट दोनदा झटकायला लागला. चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागला. एकदा पॅसेंजर गेली आणि मागून आवाज आला, "गेली बुवा सुखरूप." मायने आबांना हाक मारली तर आबा आतल्या खोलीत होते, बोलला होता तो नट. माय एवढी घाबरली की तिने त्या दिवशी त्याला शेवभाजी वाढली, पाहुण्याला वाढतात तशी तर्री वेगळी काढून.

त्याच दिवशी जेवण झाल्यावर तो बाजेवर बसला आणि मला म्हणाला, "सुजाता, तुझे आबा फार सरळ आहेत गं. सरळ माणसाचं मी काय करू? लोकांना दिसणार काय? काहीतरी घडलं असेल की त्यांच्या आयुष्यात. आठवून बघ."

घडलं काहीच नव्हतं. आबांच्या हातून कधी चुकीची गाडी चुकीच्या रुळावर गेली नव्हती, हेच त्यांचं सारं कर्तृत्व होतं, आणि ते काही सांगण्यासारखं नसतं. पण मला वयाच्या तेराव्या वर्षी प्रथमच असा श्रोता मिळाला होता. मी लगेच सांगितलं की एकदा पावसात पुलाखालचा भराव वाहून गेला होता आणि आबा माझा लाल फ्रॉक काठीला बांधून मैलभर धावले आणि गाडी थांबवली. मामाजींनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "छान आहे. पण गाडी वाचवायला हीरो घेतलाय. त्याने दोन महिन्यांच्या तारखा दिल्यात. पॉइंट्समननेच वाचवली तर त्याने काय करायचं?" मला ते पटलं. मी थोडा वेळ पायाने माती उकरली आणि दुसरी गोष्ट काढली. एक म्हातारी आबांच्या डोळ्यांदेखत गाडीखाली आली होती. ते विसरायला आबा प्यायला लागले. बाटली ते बत्तीच्या रॉकेलच्या डब्यामागे लपवत, म्हणजे वास कळू नये. आणि एकदा त्यांचा डोळा लागला आणि सांधा फिरवायचा राहिला.

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. आबा खोकल्याचं औषधही वास घेऊन बाजूला ठेवत. पण मामाजींच्या डोळ्यांत जे काही चमकलं ते मला पुढे आयुष्यात कुठल्याही बक्षीस समारंभात दिसलं नाही. "रॉकेलच्या डब्यामागे," ते स्वतःशी म्हणाले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू मोठी झालीस की लिही." लिहितेच आहे.

कंपनी गेली. मायने भिंती घासल्या. वर्षभराने सिनेमा धुळ्यात लागला तेव्हा स्टेशन रिकामं करता येत नाही म्हणून दोन खेपांनी सगळे गेले. आम्ही पहिल्या खेपेत. आबांनी पांढरा सदरा घातला होता, नानांनी डोक्याला तेल लावलं होतं. सुरुवातीला नावांमागे अपघाताचं दृश्य होतं, त्यात नाना मेलेले दिसले तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग पडद्यावर आमचं काळवंडलेलं घर आलं, आणि घरातून पॉइंट्समन आला.

त्याने सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला. आमच्या रांगेत हशा पिकला. "आबा, तुम्हीच," मास्तरांचा मुलगा म्हणाला. आबा थोडे लाजले. पॉइंट्समनने मनगट दोनदा झटकलं. मग तो खाली वाकला, रॉकेलचा डबा सरकवला, मागून बाटली काढली आणि तोंडाला लावली. हशा थांबला, पण पूर्ण थांबला नाही. कुठेतरी एक-दोघे अजून हसत होते. पुढे तो झोपला. घंटा वाजली, त्याने कूस बदलली. गाडी आली, नवरी, तापाचं मूल, चोर आणि दोन म्हातारे यांना घेऊन, आणि आडव्या डब्यावर जाऊन आदळली. पॉइंट्समन रुळांवर धावत आला, प्रेतांकडे बघून त्याने छाती बडवली आणि मग हीरोच्या मांडीवर डोकं ठेवून माफी मागत मेला. मरता मरता म्हणाला, "गेली बुवा." बायका हमसून रडत होत्या. मी वाट बघत होते की आबा काहीतरी बोलतील. चूक तर समोर धडधडीत होती, मला सुद्धा कळत होती. आबा सिनेमाभर एक शब्द बोलले नाहीत.

परतीच्या पॅसेंजरमध्ये, शिरूड स्टेशन मागे पडल्यावर, आबा खिडकीकडे बघत म्हणाले, "सांध्याची चावी मास्तरांच्या हातात गेल्याशिवाय सिग्नल पडतच नाही. मास्तर कुठे होता?" समोर बसलेल्या मास्तरांनी पेपर वर केला.

आबांनी कंपनीला चार पानी पत्र लिहिलं. मी ते शुद्धलेखनासाठी वाचलं. त्यात दारूचा उल्लेख नव्हता. एकटा पॉइंट्समन, झोपलेला असो वा जागा, गाडी चुकीच्या रुळावर घालू शकत नाही हे त्यांनी आकृती काढून समजावलं होतं आणि पुढच्या सिनेमाच्या वेळी विचारावं अशी विनंती केली होती. उत्तरादाखल मामाजींचा फोटो आला, सहीसकट, 'गुरुजींना सप्रेम'. मायने तो डाळीच्या डब्याखाली घातला, डबा हलत होता म्हणून.

नंतरचे महिने मी विसरायचा प्रयत्न केला आहे. इंजिनातून ड्रायव्हर ओरडून विचारत, "आबा, आज कितवी?" गाडीतले अनोळखी प्रवासी आमच्या स्टेशनवर मुद्दाम खिडकीशी येऊन बघत. हे थट्टेचं. पण मास्तर, ज्यांनी आमच्या घरचं भरीत वर्षानुवर्षं खाल्लं, ते चावी घेताना पूर्वीपेक्षा जरा जास्त जवळ येऊ लागले आणि श्वास आत घेऊ लागले. त्यांना स्वतःला ते कळत होतं की नाही, मला शंका आहे. सिनेमा खोटा असतो हे मास्तरांना माहीत होतं. पण मनगट खरं होतं, चष्मा खरा होता, घर खरं होतं. मग तेवढी बाटलीच कशी खोटी, असा साधा हिशोब माणसाचं मन करतं. आबा कधी भांडले नाहीत. भांडावं तर कुणी उघड आरोप केलेला नव्हता. ते सिनेमाला जायचे बंद झाले. ड्यूटीवर जाण्याआधी कडुनिंबाच्या काडीने दुसऱ्यांदा दात घासू लागले. आणि एका दुपारी मी पडवीतून पाहिलं: स्टेशनकडे निघालेले आबा बाभळीपाशी थांबले, त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, ओंजळ तोंडासमोर धरून तिच्यात श्वास सोडला आणि हुंगला.

आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस स्वतःचं तोंड हुंगून बघत होता. मी त्यांच्या मागे गेले. ते सांध्याला तेल घालत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, म्हातारी, बाटली, डबा. त्यांनी तेलाची बुधली खाली ठेवली.

"का सांगितलंस?"

"त्यांना काहीतरी हवं होतं. तुमचं काहीच नव्हतं."

आबांनी चिंधीने एकेक बोट पुसलं. "गाडी वाचवली, असं काही सांगायचंस."

"आधी तेच सांगितलं. ते म्हणाले, त्याला हीरो आहे."

आबांनी यावर बराच विचार केला. गाडीला वेळ होता. शेवटी म्हणाले, "मास्तरांना आणि नानांना जाऊन सांग. मला सांगितलंस तसंच. माझं नाव वाचवायला नको. झालं तसं सांग." नियमाच्या पुस्तकातली चूक जशी दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवून निस्तरतात, तसंच हे निस्तरेल असं त्यांना वाटलं होतं.

मी गेले. मास्तरांनी रजिस्टर मिटून पूर्ण ऐकलं. मग हळू आवाजात म्हणाले, "आबांनी पाठवलं का तुला?" मी हो म्हटलं, कारण ते खरं होतं. त्यांनी निःश्वास सोडला. "पोरी, हे ओझं तुझ्यावर टाकायला नको होतं त्यांनी." मी पुन्हा सांगायला लागले तर त्यांनी मला लिमलेटची गोळी दिली. नानांच्या ठेल्यावर चार माणसं होती. माझं सांगून झाल्यावर नाना त्यांच्याकडे वळून म्हणाले, "गुनी पोर शे. बापनं पाप आपला डोकावर ली ऱ्हायनी." बापाचं पाप डोक्यावर घेणारी गुणी पोर म्हणून चौघांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी जन्मभर सराईतपणे खोटं बोलत आले होते आणि लोक विश्वास ठेवत आले होते. एकदा खरं बोलले, तर मला चहा फुकट मिळाला.

घरी आबा जेवत होते. "काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. मी जसंच्या तसं सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला. माय चुलीपुढून म्हणाली, "आते तं पक्कं व्हयनं." आता तर शिक्कामोर्तबच झालं. आबांनी घास तोंडात घातला, सावकाश चावला, आणि मला म्हणाले, "बस. जेव."

त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही. पण लोकांमध्ये गोष्ट आपल्या पायाने पुढे चालली. आबांना पिताना कुणीच कधी पाहिलं नव्हतं, म्हणजे त्यांनी सोडली असणार. एवढी जुनी सवय, आणि औषध नाही, भगत नाही, कुणाला न सांगता सोडली. माणूस जबरदस्त. दोन-तीन महिन्यांत ड्रायव्हरांच्या थट्टेत थोडा आदर मिसळायला लागला, आणि आबांना थट्टेपेक्षा तो आदर जास्त जड गेला असावा.

अशात एका रविवारी सकाळी सुमनबाई आली, तिच्या मागे तिचा नवरा भिका. भिका लाइनवर गँगमन होता, रुळांखालची खडी ठोकायचा. त्याची दारू मात्र खरी होती. साहेबांनी त्याला दोनदा समज दिली होती, तिसऱ्यांदा घरी बसवणार होते, आणि घरात तीन लेकरं. सुमनबाई पडवीच्या पायरीशी उभी राहून म्हणाली, "आबा, तुम्ही सोडी ना? यास्लेबी सांगा, कशी सोडतस ते."

आबा पेपर वाचत होते. "बाई," ते म्हणाले, "मी कधी..."

एवढं ऐकूनच भिका सुटल्यासारखा वळला. "चाल मंग घर," म्हणाला. त्याच्या चालीत शाळेला सुट्टी मिळाल्यासारखा आनंद होता. सुमनबाई हलली नाही. ती रडली नाही, हात जोडले नाहीत; पुढचं दार कुठलं असेल याचा विचार करत असल्यासारखी फक्त उभी राहिली.

"थांब रे," आबा म्हणाले. "बस इथे. मी कधी एकदम सोडली नव्हती, असं सांगत होतो."

ते पाणी आणायला म्हणून आत आले. माय सुपात गहू निवडत होती, मी तिच्याजवळ बसले होते. आबा माझ्यापाशी उकिडवे बसले आणि अगदी हलक्या आवाजात त्यांनी मला विचारलं, "सुजाता, सोडल्यावर माणसाला काय होतं गं? तुला ठाऊक असेल."

मला ठाऊक नव्हतं. पण मी सांगितलं. "हात थरथरतात. झोप येत नाही. गोड खावंसं वाटतं."

"किती दिवस?"

"चार दिवस फार. मग कमी होतं."

त्यांनी ते पाठ केल्यासारखे ओठ हलवले आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेले. आम्ही आतून ऐकत होतो. नियमाचं पुस्तक तोंडपाठ असलेल्या माझ्या बापाने आयुष्यातलं पहिलं खोटं फार वाईट सांगितलं, परीक्षेला बसलेल्या मुलासारखं, एकामागून एक मुद्दे. हात थरथरतात. झोप येत नाही. गूळ जवळ ठेवावा. भिका मान खाली घालून नख कुरतडत होता; असली भाषणं त्याने आधीही ऐकली होती. भिकाची दारू पुढे सुटली, हे इथेच सांगते, पण सहज नाही. दोनदा घसरला, तिसऱ्यांदा टिकला, आणि आमची बदली होईपर्यंत रोज संध्याकाळी आबांसमोर येऊन बसायचा. लोक म्हणत, आबांनी सोडवली. मी आणि आबा एकमेकांकडे बघत नसू. पण त्या पहिल्या सकाळी काहीच लागू पडत नव्हतं. आबांचे मुद्दे संपले. मी उठून त्यांना आणखी काही सुचवावं म्हणून दारापर्यंत गेले, तेवढ्यात ते पुन्हा बोलायला लागले, आणि आवाज वेगळा होता.

"आमचा एक मुलगा होता. या पोरीच्या आधी. तापाने गेला, दोन वर्षांचा," आबा म्हणाले. "त्याला माती देऊन आलो त्या दिवशी मी त्या दुकानाच्या दारापर्यंत गेलो होतो. आत दिवा होता, चार माणसं बसलेली. मला एकाने सरकून जागा पण दिली. पाय आत टाकला तर बाहेर येणार नाही, हे कळत होतं. तरी उभा राहिलो. मग ड्यूटीची वेळ झाली."

भिकाने मान वर केली. "मंग?" त्याने विचारलं.

"मग ड्यूटीवर गेलो. रोज तेच. रोज त्या दारावरून जायचं असतं, आणि रोज कशाची तरी वेळ झालेली असते."

हे मी सांगितलेलं नव्हतं. माझ्याआधी भाऊ होता, एवढंच मला माहीत होतं, आणि तेही असोद्याच्या मामांकडून. आमच्या घरात त्याचं नाव घेतलं जात नसे. मी मागे वळून पाहिलं. मायचे हात सुपात थांबले होते. आबा त्या दिवशी कुठे गेले होते हे तिलाही आत्ताच कळत होतं, की ते दुकानही आबांनी आत्ताच बांधलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून मला सांगता आलं नाही. मी तिला पुढेही कधी विचारलं नाही, आणि आबांनाही नाही. ती सूप बाजूला ठेवून उठली आणि तिने पाच कप चहाचं आधण ठेवलं.